चार बोटं समुद्र

"गजाभाऊ, समुद्र कुठे गेला?"

गजा पेंटर शाळेच्या भिंतीपुढे स्टुलावर उभा राहून हिमालयाला पांढरा रंग देत होता. एरवी तो होड्यांवर नावं रंगवायचा. नावाच्या दोन्ही बाजूंना कमळ नाहीतर चांदतारा, ज्याचं जे असेल ते. जगाचा नकाशा त्याने पहिल्यांदाच हातात घेतला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"हा काय वहिनी, निळा."

मी ब्रशच्या टोकाकडे पाहिलं. गुजरात आणि अरबस्तान यांच्या मधे निळ्या रंगाची एक पट्टी होती. मी हात आडवा धरून पाहिला. चार बोटं. माझी चार बोटं संपली की अरबी समुद्र संपत होता.

आणि भारत भिंतभर पसरला होता, केशरी, ऐसपैस, लग्नात मधोमध लोडाला टेकून बसलेल्या मामासारखा. श्रीलंका नव्हतीच, तिच्या जागी पागोळ्यांचा पाइप खाली उतरला होता. आफ्रिका डाव्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, आणि तीही अर्धीच. तिच्या कमरेखालून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर रुंद पिवळा पट्टा गेला होता. त्यावर लाल अक्षरं: 'सौजन्य : श्री. मधुशेठ घवाळी, उद्योजक, मुंबई.'

"पेन्सिलने काढला तेव्हा बरोबर होता हो," गजा म्हणाला. "पुस्तकातल्यासारखे चौकोन पाडून घेतले होते. शेठ बघायला आले. म्हणाले, आपला देश एवढाच? मोठा कर. केला. परत आले, म्हणाले, अजून मोठा. मग बाकीच्यांना सरकवावं लागलं. भिंत काय माझ्या सांगण्याने वाढतेय?"

"आणि आफ्रिकेचा खालचा भाग?"

"तिथे शेठचं नाव आलं ना."

मला हसू येणार होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून एक छोटा हात पुढे गेला आणि त्या निळ्या पट्टीवर आडवा टेकला. मनवाचा. चौथीतल्या मुलीची बोटं बारीक, तिला सहा लागली. तिने हात काढला, बोटाला लागलेला निळा रंग फ्रॉकला पुसला आणि म्हणाली, "आई, एवढासाच आहे?"

मी काही म्हणायच्या आत ती घराकडे चालायला लागली होती.

मी स्वभावाने भित्री. मुलगी शिंकली तरी मला रात्रभर झोप नाही. पण तिच्या प्रश्नांची भीती मला कधी वाटली नाही. वाटते ती तिच्या गप्प बसण्याची. ती का, ते सांगायला एक वर्ष मागे जावं लागेल.

माझं माहेर कराडकडचं. भूगोल घेऊन बी. ए. झाले, आणि लग्न होऊन पाजवेळला येईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. "घाटावरची पोर," सगळं गाव म्हणायचं, प्रेमाने आणि टोमण्यानेही. पाजवेळचे पुरुष एकतर ट्रॉलरवर, नाहीतर शिपवर. माझा नवरा दीपेश शिपवर, मालवाहू जहाजात फिटर. गेला की नऊ-दहा महिने नाही. आणि शिपवाल्या घरांतून मुलांना एकच उत्तर देण्याची रीत होती: बाबा पलीकडे गेलेत. येतील. पिढ्यान् पिढ्या हेच. दुबई असो, ब्राझील असो, पलीकडे. लांबचं नाव तोंडात आणायचं नाही आणि समुद्राकडे बोटही दाखवायचं नाही. "बोट दाखवलं की माणूस तिकडेच रमतो गो," माझ्या सासूबाई म्हणायच्या. मीही आल्यापासून तेच म्हणत गेले. नवी सून, दुसरं काय म्हणणार?

मनवा तिसरीत असताना एका दुपारी शाळेतून घरी आलीच नाही. विहिरी पाहिल्या, किनाऱ्यावरचं खडप पाहिलं, मी धक्क्यावर अनवाणी धावले. आमच्या गावाला खाडी आहे, आणि ती ओलांडायला एक होडी, तिला तर म्हणतात. दिवेलागणीला तर परत आली तेव्हा तिच्यात मनवा बसलेली होती, दप्तर मांडीवर घेऊन. तरीवाल्याला तिने सांगितलं होतं, मावशीकडे चाललेय. पलीकडच्या धक्क्यावर ती दुपारभर बसून राहिली होती. मी तिला छातीशी धरून रडत होते आणि ती माझ्या खांद्यावरून सासूबाईंना सांगत होती,

"पलीकडे जाऊन आले. बाबा नाहीत तिथे."

त्या दिवसापासून ती फोनवर यायची बंद झाली. दीपेशचा फोन आला की पोट दुखायचं, नाहीतर झोप यायची. जेवणही अर्ध्यावर सोडायची. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "तुम्ही सगळे खोटं बोलता. त्यांना यायचंच नसेल."

मग मी एक जुनी पांढरी चादर घेतली. तिच्यावरचा हळदीचा डाग नकाशात ऑस्ट्रेलियाजवळ येतो आहे हे मला फार उशिरा दिसलं, पण येऊ दे म्हटलं. कापडावरच्या रंगाने जग काढलं, अक्षांश-रेखांशाचे चौकोन आखून, प्रमाण सांभाळून. दीपेशला कळवलं की दर शनिवारी मला जहाजाचे दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश, मेलने पाठव. सासूबाईंनी आकांत मांडला, "घाटावरची आम्हाला दर्या शिकवते! बोटं दाखवून दाखवून माझ्या पोराला तिकडेच बसवशील." म्हटलं, बोट दाखवायचं नाही. शिंपली ठेवायची.

पहिल्या शनिवारी शिंपली ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ आली. मनवा चादरीवरच्या पाजवेळवर बसली आणि तिथून गुडघ्यांवर रांगत, विती टाकत निघाली. अरबी समुद्र, मग खालचा मोठा हिंदी महासागर, आफ्रिकेच्या टोकाला वळसा, आणि पुन्हा पाणी, पाणी. शिंपलीपाशी पोचून तिने मागे वळून पाहिलं.

"म्हणून," ती म्हणाली.

एवढंच. रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. पुढच्या रविवारी फोनवर आली.

दीपेश आकडे खरे पाठवायचा. तोंडाने मात्र अजून तेच: "हा काय मनू, जवळच आहे मी." मनवा मला डोळा मारायची. आम्हा दोघींना ठाऊक होतं, कुठे आहे ते.

हळूहळू शेजारच्या नसीमभाभींचा तौफिक आला, त्याची बहीण आली, तांडेलांच्या जुळ्या आल्या. त्यांचेही बाप शिपवर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या पडवीत चादर पसरायची आणि प्रत्येकाने आपापल्या बापाची शिंपली सरकवायची. मुलांना पनामा कुठे ते कळलं, एडन कुठे ते कळलं, विषुववृत्त ओलांडताना खलाशी काय थट्टा करतात ते कळलं. भूगोल मी कॉलेजात शिकले होते. तो कशासाठी असतो ते मला त्या पडवीत कळलं.

आणि आता शाळेच्या भिंतीवर चार बोटं समुद्र.

त्या शनिवारी मनवाने शिंपली हातात घेतली आणि ठेवलीच नाही.

"आई, आपला नकाशा खरा का शाळेतला?"

"आपला."

"मग शाळेत खोटं कशाला काढतील? गुरुजी म्हणाले, चादरीवरचं घरचं, भिंतीवरचं सरकारी. परीक्षेला भिंतीवरचं येणार." ती जराशी थांबली. "घवाळ्यांचा ओमी म्हणाला, एवढासा समुद्र तर तुझे बाबा पोहत येतील. येत नाहीत म्हणजे त्यांना यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दीपेशचा फोन आला तेव्हा तिचं पोट दुखत होतं.

मी तशीच उठले आणि खापरे गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी वाईट माणूस नव्हे. शाळेत मुलं उरली होती जेमतेम, पटसंख्या घसरली की शाळा बंद होणार, छपराचे पत्रे गंजलेले. मधुशेठने नवे पत्रे देतो म्हणून शब्द दिला होता.

"वहिनी, चार बोटांचं काय घेऊन बसलात?"

"गुरुजी, प्रमाण म्हणून एक धडा तुम्हीच शिकवता ना?"

"प्रमाण परीक्षेत हो. भिंतीवर मान असतो."

"माझी मुलगी त्या भिंतीवर विश्वास ठेवते. कारण ती शाळेची आहे."

गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "सव्वीस जानेवारीला शेठच्या हस्ते पडदा उघडायचाय. भारत लहान करा असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हीच सांगा."

"सांगते," म्हटलं. म्हटलं खरं.

मला जावं लागलं नाही. पंचवीस तारखेला संध्याकाळी शेठच आमच्या अंगणात उभे राहिले. पांढरा शर्ट, गळ्यात बोटभर जाड साखळी, पायात कोल्हापुरी. गावातून मुंबईला जाऊन मोठा झालेला माणूस, आणि त्यांचा भाचा पाजवेळच्या निम्म्या पोरांना जहाजांवर लावून देणारा एजंट. दीपेशलाही त्यानेच लावलेलं.

"काय सूनबाई, ऐकलं की तुम्हाला देश लहान करायचाय."

"देश आहे तेवढाच राहू दे शेठ. मला समुद्र परत पाहिजे."

ते हसले. "समुद्र? दारात आहे की एवढा!"

"दारातला नाही. भिंतीवरचा. ही पोरं त्यावर आपले बाप शोधतात."

"अहो, अभिमान म्हणून काही असतो. पोरांनी रोज बघावं, आपला देश केवढा!"

"बघू देत ना. पण ज्याच्या बाबांचं जहाज महिनाभर चालूनही घराच्या अर्ध्या वाटेवर असतं, त्याने ते चार बोटांत कसं बघायचं?"

शेठचं हसू आटलं. त्यांनी पडवीच्या खांबाला हात टेकला आणि आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला अजून आठवतो.

"दीपेशचं कंत्राट एप्रिलला संपतंय ना? भाचा विचारत होता. हल्ली पोरं फार झालीत हो, जहाजं कमी. उद्या येताय ना झेंडावंदनाला? मनवाला पुढे बसवा. तिच्याच हातून दाखवूया नकाशा."

ते गेले. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, सगळं ऐकून.

"तोंड आवर गो तुझं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पुढचं जहाज त्यांच्या हातात हाय. जा, उद्या सकाळी पाया पड त्यांच्या आणि मोकळी हो."

"नाही पडणार."

"मग खायचं काय? ती चादर?"

त्या चुलीकडे वळल्या आणि रात्रभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही भांडी घासताना हिशेब करत राहिले की दीपेशला जहाज नाही मिळालं तर काय. काय काय होईल ते सगळं मला दिसत होतं. मला नेहमीच दिसतं. पण शेजारी मनवा भिंतीकडे तोंड करून निजली होती आणि तिने मला पाठ दाखवणं मला त्याहून भयंकर वाटत होतं.

सकाळी झेंडावंदन झालं. मुलांनी कवायत केली. भिंतीवर एक सतरंजी टांगली होती. शेठने दोरी ओढली, सतरंजी अर्ध्यावर अडकली, गजाने उडी मारून खाली खेचली, टाळ्या झाल्या. बायका एका बाजूला जमिनीवर, पुरुष खुर्च्यांवर. माझ्या एका बाजूला नसीमभाभी, दुसऱ्या बाजूला सासूबाई, अजून न बोलणाऱ्या.

शेठने माईक हातात घेतला. देश, माती, संस्कार, सगळं झालं. मग म्हणाले, "आपल्या गावचे वीर सात समुद्रांवर आहेत. माझ्या भाच्यानेच पाठवलेत, ते सोडा. पण त्यांच्या लेकरांना वाटतं, बाबा कुठे फार लांब गेले. छे! बघा, हा आपला भारत, हे अरबस्तान. इथून हाक मारली तर तिथे 'ओ' येईल!"

खुर्च्या हसल्या.

"मनवा बाळ, ये इकडे. दाखव बघू सगळ्यांना, बाबा कुठे आहेत?"

मनवा उठली. पाय ओढत भिंतीपाशी गेली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"लाजू नको. असं बोट ठेव," शेठ म्हणाले आणि त्यांनी तिचं मनगट धरून बोट निळ्या पट्टीकडे नेलं.

"बोट नको!"

एवढा मोठा आवाज मी सासूबाईंचा कधी ऐकला नव्हता. सगळं मैदान त्यांच्याकडे वळलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर सावरत सरळ पुढे गेल्या आणि शेठच्या हातातून मनवाचं मनगट सोडवलं.

"आमच्यात दर्याला बोट दाखवत नाय, मधू. विसरलास? मुंबईला गेलास म्हणून?" मग कनवटीतून त्यांनी एक शिंपली काढली. ती त्यांनी कधी बरोबर घेतली, देव जाणे. "घे गो. जिथे असेल तिथे ठेव. खरं तिथे."

मनवाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने शिंपली घेतली आणि भिंतीवर नजर फिरवली. गेल्या शनिवारचे आकडे तिला पाठ होते, मी पाहिलं होतं तिने ते मनाशी घोकताना. जहाज ब्राझीलहून सोयाबीन भरून चीनला निघालेलं, आफ्रिकेच्या टोकाखालून वळणारं. ती डावीकडे सरकली. अरबस्तान ओलांडलं, अर्ध्या आफ्रिकेपाशी आली. आणि खाली वाकली. आणखी खाली. पिवळ्या पट्ट्यावर, 'मधुशेठ' या शब्दावर, तिने शिंपली टेकवली आणि तळहाताने दाबून धरली.

"इथे आहेत माझे बाबा."

कुणीतरी फिसकन हसलं. बायकांतून.

"अगं, ते माझं नाव आहे," शेठ म्हणाले.

"हो," मनवा म्हणाली. "पण त्याच्याखाली समुद्र आहे."

"बरं, बरं. झालं. जा बस."

ती गेली नाही. हात भिंतीला दाबून तशीच उभी राहिली. तेवढ्यात तौफिक नसीमभाभींच्या मांडीवरून उठला आणि कुणी न बोलावता पुढे गेला. त्याच्या अब्बांचं जहाज एडनच्या आखातात होतं. चादरीवरच्या चौकोनांच्या अंदाजाने त्याने या भिंतीच्या डाव्या कडेपासून बरोबर तेवढ्याच विती मोजल्या, आणि हात तिथेच ठेवून थबकला.

"माझे अब्बा अमदाबादला नायत हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

आता बायका मोकळेपणी हसल्या. तांडेलांच्या जुळ्या धावल्या. त्यांचा बाप नागपूरच्या आसपास बुडत होता. मागून गजा पेंटर ओरडला, "मी आधी बरोबर काढला होता! विचारा कोणालाही!"

शेठचा चेहरा लाल झाला. माईक अजून चालूच होता. "हा अपमान आहे! झेंड्याखाली देशाचा अपमान! कोण शिकवतं हे पोरांना?"

"मी," मी म्हणाले.

मी उठून उभी होते. कधी उठले ते आठवत नाही. मी मनवाच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"शेठ, भारत आहे तेवढा मला पुरतो. त्याला फुगवायची गरज नाही, तो काय कोंबडा आहे? पण या पोरांचे बाप ज्या पाण्यावर आहेत, ते पाणी तुम्ही घेतलंत आणि त्यावर नाव लिहिलंत. ते पुसा."

"आणि नाही पुसलं तर?"

"तर ती हात काढणार नाही."

माईकमधून शिट्टीसारखा आवाज आला. मनवाचा हात अवघडला होता, एवढा वेळ खाली वाकून दाबून धरल्यामुळे. तिने दुसरा हात त्यावर ठेवला, पण काढला नाही. नसीमभाभी उठल्या. "आमचा पण नाय काढणार," त्या म्हणाल्या आणि तौफिकच्या मागे उभ्या राहिल्या.

शेठने माईक खुर्चीवर टाकला. "बघतो मी," ते म्हणाले, "कोणाला कुठलं जहाज मिळतं ते." आणि गाडीकडे गेले. त्यांच्यामागून बरीच खुर्च्यांची मंडळी गेली. गुरुजी मधेच उभे होते, कुणाकडे जावं ते न कळून. मग ते हळूच आले आणि मनवासमोर वाकले.

"काढ बाळ आता हात. मी पाहिलं. कळलं मला."

पुढचं आधीच सांगून टाकते. शेठने शब्द पाळला, तो धमकीचा. दीपेश एप्रिलमध्ये आला आणि पुढचं वर्षभर त्याला जहाज मिळालं नाही. तो धक्क्यावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करत होता. शाळेचे नवे पत्रेही आले नाहीत. गुरुजींनी आठवड्याभरात गजाला बोलावून ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्याने पांढरी करवून घेतली, पिवळ्या पट्ट्यासकट. नवा नकाशा काढायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. शनिवारी माझी चादर शाळेच्या व्हरांड्यात अंथरली जाऊ लागली आणि गुरुजी एका कडेला बसून ऐकू लागले, एवढंच. यातल्या कशालाच मी जिंकणं म्हणत नाही. मला जे हवं होतं ते त्याच दिवशी संध्याकाळी मिळालं.

घरी परतताना सासूबाई माझ्यापुढे चालत होत्या. मी विचारलं, "आई, तुम्ही काल म्हणालात पाया पड. आणि आज..."

चालता चालताच, मागे न बघता त्या म्हणाल्या, "दीपेश सहा वर्षांचा होता. त्याचे वडील शिपवर. तो पण एकदा तरीत बसून गेला होता गो. पलीकडे. तिथल्या कोळणीने आणून सोडला. मी त्याला फोकाने मारला. पुन्हा कधी त्याने विचारलं नाय, बाबा कुठे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "वडील आले तेव्हा त्यांच्याजवळ पण गेला नाय. लांबूनच बघत राहिला. अजून तसाच हाय तो. लांबून जवळ आहे म्हणतो."

दिवे लावायच्या वेळेला फोन वाजला. जहाजावरचा सॅटेलाइट फोन. त्यात आपण बोललेलं तिकडे पोचायला आणि तिकडचं इकडे यायला एक श्वासभर उशीर लागतो. मी दीपेशला सगळं सांगितलं, एप्रिलचंही. उत्तराला लागलेला उशीर आवाजाचा होता की त्याचा, मला कळेना.

"बरं केलंस," तो शेवटी म्हणाला. आणि मग, "मनू आहे?"

मनवा उंबऱ्यावर बसली होती. तिच्या पोटात दुखत नव्हतं, पण ती उठलीही नाही. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्याजवळ नेला.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

एक श्वास गेला.

"हा काय मनू, इथेच, जवळच..."

मनवाचे डोळे खाली गेले. मी फोन घट्ट धरला. तेवढ्यात सासूबाई वातीला तेल घालायचं सोडून आल्या आणि फोनवर वाकून मोठ्याने म्हणाल्या, "दीपेश, खरं सांग रे तिला. मी सांगितलं नव्हतं तुला, ते तू सांग."

पुन्हा तो उशीर. या वेळी फार लांबला. मागे कुठेतरी इंजिनाची घरघर होती.

"लांब आहे मी, मनू," दीपेश म्हणाला. त्याचा आवाज निराळाच येत होता. "खूप लांब. आफ्रिकेचं टोक डाव्या हाताला आहे, पण ते दिसतही नाही एवढे आम्ही खाली आहोत. तुमच्याकडे आता दिवे लागले असतील ना? इथे अजून टळटळीत ऊन आहे."

"ऊन?" मनवा उठून उभी राहिली. तिने दाराबाहेर पाहिलं. अंगण काळोखलं होतं, तुळशीपुढे सासूबाईंनी लावलेली पणती तेवढी दिसत होती. "आत्ता? आत्ता ऊन आहे तिथे?"

"आहे. डोळ्यांवर येतंय."

"मग लगेच नाही येता येणार ना तुम्हाला?"

"नाही गं. यायचं फार आहे. पण लांब आहे."

तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला, कानाला लावला, आणि कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिली. तिकडचं ऊन ऐकू येत असल्यासारखी. मग फोन मला देऊन ती अनवाणी अंगणात धावली, पार कुंपणाला जाऊन भिडली, आणि नसीमभाभींच्या घराकडे तोंड करून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"तौफिक! माझे बाबा खूप लांब आहेत!"